कार्बन फेडायचं ॲप वर्षभर वापरलं: अडीच स्टार, त्यातला अर्धा बायकोचा

नाव टाकत नाही, आधीच सांगून ठेवतो. असली ॲपं आता ढिगानं झाल्यात, माझं भांडण कुठल्या एका कंपनीशी नाही, आणि त्यांच्या कस्टमर केअरची पोरगी बोलायला चांगली होती, तिच्या पोटावर कशाला पाय द्यायचा.

झालं असं की मागच्या वर्षी ऑफिसनं दिल्लीला मशीनचं प्रदर्शन बघायला पाठवलं. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला, दिवसभर भट्टीच्या आसपास असणारा माणूस, मला कोण कार्बन विचारणार, खरं सांब्र्याच्या विमानतळावरनं तिकीट काढताना खाली एक चौकट आली की तुमच्या प्रवासाचा कार्बन भरून काढा, रेनफॉरेस्ट वाचवा, तिथल्या लोकांना आधार द्या. (बेळगावबाहेरच्यांसाठी: आमच्यात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. गोंधळू नका.) टिक केलं. तिथून त्या ॲपवर गेलो आणि मग ॲपनं मला सोडलंच नाही, रोज एक नोटिफिकेशन, ओरांगउटानचं पिल्लू आईच्या गळ्यात हात टाकून बसलेलं. चौथ्या दिवशी हरलो. २ टनांचा वर्षाचा प्लॅन घेतला, २,३६० रुपये, जीएसटी धरून. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे माझ्या नावावरचं वर्षाचं सगळं फिटलं, असा त्यांचा हिशेब आणि तेव्हा माझाही.

पैसे भरल्या भरल्या मेलवर प्रमाणपत्र आलं. हिरवी बॉर्डर, पानं, खाली कुणाची तरी सही, मधे माझं नाव, तेपण चुकीचं लिहिलेलं. एक नकाशा, दर तीन महिन्यांनी फोटो. बायको म्हणाली, फ्रेम करून देवघरात लावूया काय.

ॲपमधला कार्बन मोजायचा भाग बघण्यासारखा आहे. प्रश्न सगळे परदेशातल्या घराचे. घर गरम करायला गॅस वापरता की तेल? अरे, आमच्याकडं घर गरम करायला मे महिना आहे. खरं आंघोळीच्या पाण्याचा बंब, त्यात जळण म्हणून लाकडं, नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं, हे कुठं टाकायचं त्याचा पर्यायच नाही. मोटारसायकल आहे, ‘डबल सीट’ नाही. महिन्याला किती किलो बीफ खाता हा प्रश्न सगळ्यात वर, त्यावर आमच्या घरात जे काय झालं ते इथं लिहीत नाही. आणि दिल्लीचं विमान मोजलं, खरं शनिवार खुटावरनं दर आठवड्याला आणतो ते अर्धा किलो फरसाण मोजलं नाही. ते का मोजायला पाहिजे होतं ते पुढं सांगतो.

माझे पैसे जातात म्हणे बोर्निओ बेटावर, त्याच्या इंडोनेशियाकडच्या भागात, कालीमंतान म्हणतात. तिथलं दलदलीचं जंगल. हे वाचायला लागलो तेव्हा मात्र खरोखर इंटरेस्ट आला. तिथल्या जमिनीत माती कमी आणि हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा आणि लाकूड जास्त, ह्याला पीट म्हणतात, काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर खोल असतो. पाण्याखाली आहे तोवर गप्प पडून असतो. पामतेलाच्या बागा लावायच्या तर आधी लांबच लांब चर मारून पाणी काढून टाकावं लागतं, पाणी उतरलं की थर वाळायला लागतो, वाळला की हवेत कार्बन सोडत बसतो, आणि एकदा का पेटला तर जमिनीच्या आतून जळतो. आमच्याकडं राइस मिलच्या मागं भाताच्या तुसाचा ढीग असतो बघा, वरून नुसती राख दिसते आणि आत आठ-आठ दिवस धुमसत असतं, तसंच, फक्त ढीग तालुक्याएवढा. २०१५ साली इंडोनेशियात सगळं मिळून २६ लाख हेक्टर जळालं, त्यातलं बरंच असं, आणि धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला.

आता फरसाण. जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश कुठला, तर आपला. वर्षाला ८०-९० लाख टन, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातनं. शेव, बिस्किट, साबण, हॉटेलातली कढई, सगळीकडं तेच. म्हणजे एका हातानं मी त्या जंगलात चर मारायला पैसे देतो आणि दुसऱ्या हातानं चर बुजवायला, आणि ॲप मला फक्त दुसऱ्या हाताचं प्रमाणपत्र देतंय.

चर बुजवायला हे मात्र खरंच करतात, ह्याचे मार्क देतो. फोटोत दिसतंय, चरांत लाकडी बांध घालून पाणी अडवलंय, आपल्याकडं वनराई बंधारा घालतात तसंच जवळजवळ. जमिनीत नळ्या रोवून पाण्याची पातळी मोजतात. गावातली पोरं आगीवर लक्ष ठेवायला पगारी ठेवल्यात. बायकोचा अर्धा स्टार ह्याच पोरांचा आहे, ती म्हणाली बाकी काय का असेना, आग विझवणाऱ्याला पगार मिळूलालाय ना, तेवढं तरी धर.

विकायची वस्तू मात्र हे काम नसून एक दावा आहे. हे मला समजायलाच दोन महिने गेले म्हणून जरा सविस्तर लिहितो. दावा असा, की आम्ही इथं नसतो तर हे जंगल तोडलं असतं, त्यातनं इतके टन कार्बन निघाला असता, आम्ही थांबवलं म्हणून तो निघाला नाही, त्या न निघालेल्या एकेका टनाचं एकेक क्रेडिट, ते तुम्ही घ्या. ह्या पद्धतीला रेड प्लस म्हणतात. मूळ कल्पना २००५ साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका ह्या दोन देशांनी मांडली होती, आणि त्यात चूक काहीच नव्हती, आमचं जंगल उभं राहिल्याचा फायदा सगळ्या जगाला आहे तर ते उभं ठेवायचा खर्च एकट्या आम्हीच का करायचा. २०१५ च्या पॅरिस करारातही जंगलांवर वेगळं कलम आहे. जंगलतोडीतनं जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण दहावा हिस्सा निघतो, त्यामुळं विषय किरकोळ नाही.

घोळ आहे तो ‘आम्ही नसतो तर’ ह्यात. मी हे रात्री जेवताना बायकोला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे मी यंदा सोन्याच्या पाटल्या घेणार होते, घेतल्या नाहीत, तर वाचलेले दोन लाख मला द्या, असं म्हटलं तर चालतंय काय? आणि घेणार होते की नव्हते हे ठरवणार कोण, तर मीच. मी भाकरी मोडायचं थांबलो. हे इतक्या थोडक्यात मला पन्नास पानांच्या पीडीएफमध्येसुद्धा सापडलं नव्हतं.

झालंही तसंच आहे. जानेवारी २०२३ मध्ये गार्डियननं दोन जोडीदारांबरोबर शोध घेऊन छापलं की व्हेरा ह्या सगळ्यात मोठ्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची रेनफॉरेस्टची ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिट कागदावरचीच असण्याची शक्यता आहे. व्हेरानं ते मान्य केलं नाही, हिशेबाची पद्धतच चुकीची लावली म्हणाले, खरं मे महिन्यात त्यांच्या प्रमुखानं पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायन्स मासिकात सहा देशांतल्या २६ प्रकल्पांचा अभ्यास आला, त्यातल्या बहुतेक ठिकाणी जंगलतोड म्हणावी तशी कमी झालेली नव्हती, आणि जिथं झाली तिथं दाव्यापेक्षा बरीच कमी. मग नोव्हेंबरमध्ये व्हेरानं नवीन पद्धत काढली, व्हीएम ००४८ तिचं नाव, त्यात ‘आम्ही नसतो तर किती तुटलं असतं’ हा आकडा प्रकल्पवाल्यानं स्वतः न काढता अख्ख्या प्रदेशाच्या मोजणीवरनं यायचा असतो. असलं ॲप घेणार असाल तर हा नंबर लिहून ठेवा आणि विचारा, तुमचं क्रेडिट ह्याच्या आधीचं की नंतरचं. माझं आधीचं निघालं.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे इथली तोड थांबवली तर ती शेजारी सरकते. खडेबाजारात पार्किंग बंद केलं की गणपत गल्ली भरते, त्याला काय पीएचडी लागत नाही. दुसरी, आज वाचवलेलं जंगल पाच वर्षांनी जळालं तर माझ्या २ टनांचं काय? त्यासाठी म्हणे प्रत्येक प्रकल्पातली काही क्रेडिट न विकता बाजूला ठेवतात, बुडालं तर त्यातनं भरायचं. आमच्या भिशीतही असंच आहे, एक हप्ता बाजूला. भिशीत एक माणूस बुडतो तोवर ठीक असतंय, दुष्काळाच्या वर्षी सगळेच बुडले की तो हप्ता किती पुरतो ते आम्हाला माहीत आहे.

आता ज्या कारणानं हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या आत. गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव, देगाव, अशी त्या रानात गावं आहेत, त्यातलं एक. कुठलं ते राहू दे. हे रान साधं नाही ओ, महादयी इथल्याच डोंगरांतनं निघून गोव्यात मांडवी होते, मलप्रभा शेजारच्या कणकुंबीला उगम पावून उलट्या बाजूला हुबळी-धारवाडला पाणी पाजते. एकच पाऊस, अर्धा पश्चिमेला आणि अर्धा पूर्वेला, आणि त्यावरनं गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशी तीन राज्यांची कोर्टकचेरी. बारापेडीच्या गुहेत एक वटवाघूळ आहे, राउटनचं वटवाघूळ, ते बरीच वर्षं जगात फक्त इथंच म्हणून माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. २०११ साली १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. गावं आधीपासून होतीच.

ह्या पावसाळ्यात मामाला बघायला गेलो. गाडी जाते तिथवर गाडी, पुढं चालत, पायाला जळवा, साकव ओलांडताना खाली ओढा असा फुगलेला की मोबाइल खिशात घट्ट धरून ठेवला. रात्री मामीनं नाचणीची भाकरी आणि कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी केली आणि विचारलं,

"काय रे, रान राखायला पैसे भरलास म्हणे? आक्का सांगूलालती."

"व्हय मामी."

"खंचं रान?"

"बोर्निओ म्हणून बेट हाय. लांब, समुद्रापल्याड."

मामा कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला, वर न बघताच म्हणाला, "आन् हितलं कोण राखूलालंय?"

मी हसण्यावारी नेलं. खरं रात्रभर कौलांवर पाऊस वाजत होता आणि ते वाक्य पण.

सकाळी टेकडीवर रेंज येते तिथं मामीला घेऊन गेलो आणि गंमत म्हणून तिचा कार्बन ॲपमध्ये मोजला. विमान शून्य. कार शून्य. एसी, फ्रिज शून्य. लाइट एक सोलरचा दिवा. चूल आहे, तिचा पर्याय नाही. उत्तर आलं ०.३ टन. वर हिरव्या अक्षरात अभिनंदन, आणि खाली, कमीत कमी खरेदी १ टन, १,१८० रुपये, आत्ताच फेडा. म्हणजे जी बाई साठ वर्षं रानात राहून रान राखूलाल्या तिच्याकडनंसुद्धा बिल. मामी म्हणाली, "मला द्यायचेत होय? मला वाटलं मला येणार हाईत."

ही गोष्ट मी कस्टमर केअरच्या पोरीला फोनवर सांगितली, ती खूप हसली आणि म्हणाली सर हे फीडबॅकमध्ये टाकते.

मामाच्या गावात रस्ता का नाही हे इथं नव्यानं सांगायला नको, बेळगावात पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. अभयारण्य म्हणून डांबर नाही, विजेची तार नाही, पावसाळ्यात माणूस आजारी पडला तर खांद्यावर घेऊन चिखलातनं काही किलोमीटर. २०२५ मध्ये तळेवाडीच्या लोकांना बाहेर यायला कुटुंबामागं १५ लाख द्यायचं ठरलं आणि पहिल्या हप्त्याचे चेक वाटले. काहीजण खुशीनं निघाले, त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोरांना शाळा पाहिजे. मामा निघणार नाही म्हणतोय. त्याचा शेजारी गवळी धनगर, त्याचं तर अजूनच अवघड, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीत नसलेल्या माणसाला तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं इथंच राहतोय आणि रानावरच पोट आहे हे दाखवावं लागतं, आणि गवळी धनगर कर्नाटकात त्या यादीत नाहीत. म्हशी घेऊन रानोरान फिरणाऱ्या माणसाच्या आज्यानं कुठली पावती जपून ठेवली असणार.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगितलं, तर ‘स्थानिक लोकांना आधार’ हा शब्द ॲपवर सोळा ठिकाणी आहे. मोजलेत. आणि आजोळाहून आल्यावर मला त्याचा अर्थ विचारावासा वाटला. मेल केला. माझ्या २,३६० पैकी गावात किती जातात, तिथली जमीन कुणाच्या नावावर आहे, गावानं हो म्हटलेला कागद आहे काय, आणि माझी २ क्रेडिट कुठल्या सालची. शेवटी मामाचा प्रश्न जसाच्या तसा घातला, त्या गावाला रस्ता आहे काय आणि रान सोडून जा म्हणून त्यांना कोण सांगत नाही नव्हं?

पहिलं उत्तर रोबोटचं. दुसरं अकरा दिवसांनी, माणसाचं. गावाला ‘प्रकल्पाचा खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातला महत्त्वाचा वाटा’. किती टक्के ते व्यापारी गुपित. जमिनीचा परवाना सरकारनं कंपनीला ठरावीक वर्षांसाठी दिलेला. गावाची संमती घेतलेली आहे, कागद मागितल्यावर एका मोठ्या अहवालाची लिंक, त्यात संमतीवर दीड पान आणि सभेचा एक फोटो, लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेत, पुढं बिसलेरीसारख्या बाटल्या, मला आमच्या तहसीलदाराची जनसुनावणीच आठवली. क्रेडिट २०१७ सालची. म्हणजे मी विमानात बसायच्या कितीतरी आधी वाचून झालेलं जंगल, गोदामात पडून राहिलेलं, ते मला विकलं. शिळं म्हणून फेकायचं की मुरलेलं म्हणून चांगलं, मला अजून ठरवता आलेलं नाही. रस्त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, सीरियल नंबर मागितल्यावर दिला. तो रजिस्ट्रीच्या, म्हणजे क्रेडिटची नोंदवही ठेवणाऱ्या साइटवर टाकला की खरंच दिसतं, ही क्रेडिट वापरून संपवली, आता पुन्हा कुणाला विकता येणार नाहीत. माझी दोन एका मोठ्या गठ्ठ्यात होती, माझं नाव वगैरे काही नाही. तरी नंबर खरा निघाला म्हणून अर्धा स्टार वाढवला. तुम्ही घेतलंत तर हे तेवढं न विसरता करा, प्रमाणपत्रावरची पानंफुलं बघत बसू नका.

मग दुसरीकडं लोकांना खरंच पैसे मिळतात काय हे शोधत बसलो, रात्रपाळी होती, वेळ होता. कोस्टा रिकाचं वाचून बरं वाटलं. तिथं १९९६ ला कायदा केला आणि १९९७ पासून ज्याच्या जमिनीत जंगल उभं आहे त्याला सरकार पैसे देतंय, त्यातले बरेच पेट्रोल-डिझेलवरच्या करातनं. एकेकाळी देशाच्या पावभागावर आलेलं जंगल आता निम्म्याहून जास्त आहे. सगळं ह्या एका योजनेमुळं झालं असं तिथलेही म्हणत नाहीत, गुरांचा धंदा उतरला, पर्यटन वाढलं, तोडीवर बंदी आली, हेही आहे. तरी बघा, टाकी फुल्ल करणारा माणूस आणि रान राखणारा शेतकरी ह्यांच्यामध्ये ओरांगउटानचा फोटो लागला नाही.

ब्राझीलच्या रोंदोनिया राज्यातल्या सुरुई लोकांचं वाचून मात्र वाईट वाटलं. ह्यांनी स्वतःच प्रकल्प उभा केला, मधे कंपनी नाही, आदिवासींनी स्वतः चालवलेला पहिलाच असं म्हणतात. २०१३ ला क्रेडिट विकलीही, नातुरा ह्या ब्राझीलच्या कॉस्मेटिक कंपनीनं घेतली. पुढं त्यांच्याच जमिनीत हिरे सापडले, सोनं काढणारे आणि लाकूडचोर घुसले, लोकांत फूट पडली आणि २०१८ ला प्रकल्प थांबवावा लागला. कार्बनचा भाव हिऱ्यापुढं काय टिकणार.

नवीन एक फंड आलाय, नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेममधल्या हवामान परिषदेत सुरू केला, उष्ण कटिबंधातलं जंगल उभं ठेवणाऱ्या देशाला हेक्टरी वर्षाला ४ डॉलर, आणि त्यातला किमान २० टक्के वाटा आदिवासी आणि स्थानिक लोकांना द्यायचाच. ह्यात ‘आम्ही नसतो तर’ची भानगड नाही, उभं आहे का, सॅटेलाइटवर दिसतंय का, मग पैसे, हे मला आवडलं. भारत त्यात सध्या फक्त निरीक्षक म्हणून आहे. खरं बायकोनं लगेच कॅल्क्युलेटर काढला. भीमगड १९० चौरस किलोमीटर म्हणजे १९,००० हेक्टर, गुणिले ४, ७६,००० डॉलर, डॉलर ८८ रुपयांना धरला तर साधारण ६७ लाख. त्याचे २० टक्के, १३ लाख ४० हजार. अख्ख्या अभयारण्यातल्या सगळ्या गावांना मिळून, वर्षाला. एका कुटुंबाला बाहेर काढायला १५ लाख देतात आणि सगळ्यांनी मिळून आत राहून राखायला १३ लाख ४०. तिनं दोनदा करून बघितलं, तेच आलं.

फुकटातलं एक सांगतो, ॲप घ्या न घ्या. ग्लोबल फॉरेस्ट वॉच म्हणून साइट आहे, त्यावर जगातलं कुठलंही जंगल काढून कुठल्या साली कुठं तुटलं ते गुलाबी ठिपक्यांत बघता येतं. मी ॲपचा बोर्निओचा नकाशा शेजारी ठेवून बघितलं, हद्दीच्या आत ठिपके खरंच कमी आहेत, हद्दीला चिकटून बाहेर भरपूर. मग खानापूर काढलं आणि बराच वेळ तिथंच बसलो. त्यांच्याच आकड्यांप्रमाणं २०२४ मध्ये जगात उष्ण कटिबंधातलं ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं, बरंचसं आगीत. असल्या आकड्यानं डोळ्यापुढं काही येत नाही म्हणून आपल्या मापात सांगतो, आपला बेळगाव जिल्हा साधारण साडेतेरा लाख हेक्टरचा आहे, अथणीपासून खानापूरपर्यंत सगळा. असे पाच.

तर घ्यावं का? दिल्लीच्या तिकिटाचं मन खात असेल म्हणून घेत असाल तर माझं मत नको. मला ते प्रमाणपत्र दाखवून ‘मी फेडलं’ म्हणायला आता लाज वाटते, कारण माझं विमान उडालं तो धूर नक्की आहे आणि २०१७ ला वाचलेलं जंगल ‘कदाचित’ आहे. त्या बांध घालणाऱ्या आणि आगीवर बसणाऱ्या पोरांना पैसे जावेत असं वाटत असेल तर द्या, वर्गणी म्हणून द्या, गणपतीला देतो तशी, हिशेब मागून. नवीन पद्धतीचं क्रेडिट, सीरियल नंबर, गावाचा वाटा आकड्यात, एवढं लिहून देणारं ॲप असेल तर त्याला माझ्यापेक्षा जास्त स्टार द्या, मी भरलेल्यानं दिलं नाही. सामान्य माणसाला दोन महिने डोकं खाजवल्याशिवाय कळू नये अशीच भाषा आहे सगळी, त्याचा एक स्टार कापला. मामीला बिल दाखवलं त्याचा एक. रस्त्याचं उत्तर नाही त्याचा अर्धा.

शेवटचं आणि कामाचं. ॲपमध्ये ‘प्लॅन बंद करा’ म्हणून बटण आहे, ते दाबल्यावर झाड सुकल्याचं चित्र येतं आणि प्लॅन फक्त तीन महिने थांबतो, बंद होत नाही. माझे असेच दुसऱ्या वर्षाचे २,३६० कापले गेले, परत मिळायला सतरा दिवस आणि चार फोन लागले. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये जा, ऑटोपेमध्ये त्यांचं नाव शोधा, ते इंग्रजीत कंपनीच्या वेगळ्याच नावानं आहे, घाबरू नका, रकमेवरून ओळखा, आणि तिथनं मँडेट रद्द करा. सीरियल नंबर त्याच्या आधी मागून घ्या, प्लॅन बंद झाला की तो दिसायचा बंद होतो.